समाजमाध्यमांतील व्यवसायप्रवेश : संबोधनाच्या कौशल्याचा विचार

समाजमाध्यमांच्या आधारे उपजीविका करू इच्छिणाऱ्या नवोदिताला कोणती कौशल्ये लागतात, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः तंत्राच्या परिभाषेत दिले जाते. छायाचित्रण, संकलन, प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांचे वाचन अशी ती यादी असते. मराठीतील काही ठळक उदाहरणे तपासली असता मात्र या व्यवसायाचा पाया संबोधनात आहे, असे दिसून येते. न दिसणाऱ्या श्रोत्याशी कोणत्या नात्याने आणि कोणत्या मराठीत बोलावयाचे, हा निर्णय आधी घ्यावा लागतो. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. सत्तरीच्या घरातील, शाळेत न गेलेल्या या बाईंनी २०२० मध्ये नातवाच्या साहाय्याने यूट्यूबवर ‘आपली आजी’ ही वाहिनी सुरू केली. निमित्त पावभाजीचे होते. इतरांच्या चित्रफितींपेक्षा आपण ती अधिक चांगली करू, असे आजींचे म्हणणे पडले. कॅमेरा आणि वाहिनीची व्यवस्था नातवाकडे, पाककृती आणि वाणी आजींकडे, अशी कामाची विभागणी झाली. तंत्र उसने मिळाले; बोलणे उसने मिळण्याजोगे नव्हते. ‘आपली’ या एका विशेषणाने प्रत्येक श्रोता नातवंड ठरतो, आणि मग गावाकडची बोली हे वैगुण्य न राहता त्या नात्याची स्वाभाविक भाषा होते. प्रमाण मराठीत बोलणारी आजी या वाहिनीवर कृत्रिमच वाटली असती.

येथे १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ची आठवण होणे अपरिहार्य आहे. वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे देऊन त्या पुस्तकाने नवख्या गृहिणीशी संवाद साधला. वाचक कोण, हे लेखिकेने आधी निश्चित केले होते, आणि मापे त्या निश्चयातून आली. पडद्यावर हात दिसतो, म्हणून काही मापे न सांगताही भागते; छापील पानाला ही सोय नव्हती.

मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये, अमेरिकेत असताना, पाककृतींची वाहिनी आरंभिली. मराठीतील स्वतंत्र वाहिनी पुढे आली. पदार्थ तोच असला, तरी मराठी घरात वाढलेल्या श्रोत्याला गोडा मसाला म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पत्रात शेजारीशेजारी छापला जात असे. आजच्या वाहिनीवर दोन श्रोते एका आसनावर बसत नाहीत.

‘भाडिपा’चे उदाहरण निराळे. सारंग साठये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी २०१६ मध्ये ही वाहिनी उभारली. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांच्या मुलाखतवजा मालिकेतील सहज वाटणारा विस्कळीतपणा रंगभूमीवर घडलेल्या नटांचा आहे; तो तालमीशिवाय साधत नाही. ठाण्याच्या प्राजक्ता कोळी यांनी २०१५ मध्ये वाहिनी सुरू करण्यापूर्वी आकाशवाणीच्या नव्हे, पण खाजगी रेडिओच्या कचेरीत उमेदवारी केली होती. त्यांची इंग्रजी कादंबरी २०२५ मध्ये आली. आधी वाचकवर्ग आणि मागाहून ग्रंथ, हा क्रम वाङ्मयेतिहासकारांनी नोंदवून ठेवावा असा आहे.

या उदाहरणांच्या प्रकाशात भाषाविभागांतील अध्यापनाकडे पाहिल्यास एक उणीव जाणवते. विद्यार्थी निबंध लिहितो, रसग्रहण करतो. पण कानासाठी लिहिण्याचा, चार वाक्यांत श्रोत्याला बसवून घेण्याचा सराव त्याला क्वचितच मिळतो. देवनागरीत वेगाने टंकलेखन करणे, बोललेल्या मजकुराला अचूक उपशीर्षके देणे, ही कामे तर तो पदवीनंतर स्वतःच्या खर्चाने शिकतो. संहितालेखन हा पूरक विषय मानला जातो. ज्याच्या जोरावर विद्यार्थ्याला पहिले काम मिळू शकते, तोच विषय पूरक असावा, हे चमत्कारिक आहे.

श्रोत्याशी जडलेले नाते विकता येते, हेही शिकवावे लागेल. जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये, मोबदला घेऊन केलेली शिफारस स्पष्टपणे तशी दर्शविण्याचे मार्गदर्शन केले. कीर्तनात आरतीचे ताट सर्वांच्या देखत फिरते. बुवांना काय मिळाले याविषयी कोणाची फसगत होत नाही.

आणखी एक व्यवहारी कौशल्य उरते. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, आणि त्यावर नाव कमावलेल्या खेड्यापाड्यांतील कलावंतांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘आपली आजी’ ही वाहिनी परक्या हाती गेली होती; ती काही दिवसांनी परत मिळाली. ज्यांनी मूळ चित्रफिती स्वतःजवळ जपल्या होत्या, त्यांना त्या दुसरीकडे नेता आल्या. प्रेक्षक मात्र पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागला.