बाकी कोठून आली? मल्टिपल मायलोमाच्या निदानाविषयी थोडेसे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका रोगावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु हा रोग ओळखण्याची रीत हिशेब तपासण्याच्या रीतीला फार जवळची आहे. एकेक पावती पाहिली तर तीत खोट दिसत नाही. सर्व पावत्या एका खतावणीत मांडल्या म्हणजे ती दिसते.

आपल्या हाडांच्या पोकळीत मज्जा असते. तेथे रक्तपेशी तयार होतात आणि तेथेच प्लाझ्मा पेशीही राहतात. जंतूंशी लढणारी नाना प्रकारची प्रतिद्रव्ये बनविणे हे त्यांचे काम. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात एकाच प्लाझ्मा पेशीची संतती बेसुमार वाढते आणि बहुधा एकाच छापाचे प्रथिन रक्तात ओतू लागते. त्यास एम-प्रथिन म्हणतात. मज्जेतील जागा अडल्यामुळे तांबड्या पेशी घटतात व रक्त कमी होते. हाडे पोखरली जाऊन त्यांतील कॅल्शियम रक्तात उतरते. प्रथिनाचे तुकडे मूत्रपिंडांत अडकून ती निकामी होऊ लागतात. उपयोगी प्रतिद्रव्ये कमी पडल्याने न्यूमोनियासारखे आजार पुनःपुन्हा होतात.

हा रोग नवा नव्हे. लंडनचे एक व्यापारी थॉमस मॅक्बीन यांना १८४४ साली उडी मारताना छातीत काही मोडल्यासारखे वाटले. पुढे वेदना हटेनात. १८४५ साली त्यांची लघवी डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे तपासणीस गेली. आम्ल घातल्यावर तीत साका धरे, तापविल्यावर तो विरघळे आणि निवल्यावर पुन्हा दिसे. या प्रथिनास आजही बेन्स जोन्स यांचेच नाव आहे. १ जानेवारी १८४६ रोजी मॅक्बीन वारले. अलीकडचे उदाहरण अभिनेत्री व तत्कालीन खासदार किरण खेर यांचे. नोव्हेंबर २०२० मध्ये चंदीगड येथे घरी त्यांचा हात मोडला. त्यानंतरच्या तपासण्यांत मायलोमा आढळला आणि पुढील उपचार मुंबईत झाले. मोडलेल्या हाडाच्या मागे काय आहे, हे तेथे पाहिले गेले.

आपल्या भागात नेमकी येथेच अडचण आहे. उसाच्या फडात राबणाऱ्या, निपाणीच्या तंबाखू वखारीत काम करणाऱ्या किंवा दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या माणसाची पाठ दुखली तर त्यात विशेष ते काय? मराठीत आपण ‘कंबर धरली’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘सोंट नोवु’ म्हणतो, आणि तेल लावून कामाला लागतो. बायकांच्या अंगात रक्त कमी असणे हेही नेहमीचेच. रुग्ण पाठीसाठी निपाणीस, रक्तासाठी चिकोडीस आणि मूत्रपिंडासाठी मिरजेस किंवा बेळगावास जातो. तिन्हीकडचे कागद तीन पिशव्यांत राहतात आणि बेरीज कोणीच करीत नाही. दरम्यान दुखणे थांबविणाऱ्या गोळ्या चालूच असतात, आणि त्यांपैकी पुष्कळशा आधीच दुबळ्या झालेल्या मूत्रपिंडांना अपाय करतात.

आता एक साधी वजाबाकी पाहू. रक्ताच्या नेहमीच्या अहवालात एकूण प्रथिन व अल्ब्युमिन हे दोन आकडे पुष्कळदा असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की ग्लोब्युलिन उरते. निरोगी माणसात ते १०० मि.लि. मध्ये सुमारे २ ते ३.५ ग्रॅम असते. समजा एकूण प्रथिन ९.८ आणि अल्ब्युमिन ३ आहे. बाकी उरते ६.८. ही बाकी कोठून आली, असे डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. जुनाट जंतुसंसर्ग किंवा यकृताच्या विकारातही ती वाढू शकते. उलट मायलोमाच्या काही रुग्णांत ती वाढतही नाही. म्हणून हा पुरावा नव्हे, केवळ सूचना होय.

पुरावा पुढील तपासण्यांतून मिळतो. इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीत एम-प्रथिनाचे टोकदार शिखर दिसते. त्याच्या जोडीला रक्तातील फ्री लाइट चेन मोजतात. लघवीच्या साध्या पट्टीवर बेन्स जोन्स प्रथिन निसटू शकते, म्हणून त्याची वेगळी तपासणी करावी लागते. एक्स-रे किंवा सी.टी. मध्ये हाडांत पोखरलेली भोके दिसतात. शेवटी मज्जेचा नमुना घेतात. त्यात एकाच वंशाच्या प्लाझ्मा पेशी १० टक्के वा अधिक असल्या, आणि कॅल्शियम ११ मि.ग्रॅ. च्या वर, क्रिएटिनिन २ मि.ग्रॅ. च्या वर, हिमोग्लोबिन १० ग्रॅमच्या खाली किंवा हाडांत भोके, यांपैकी एक गोष्ट त्या रोगामुळे झालेली असली, म्हणजे निदान पक्के होते. २०१४ पासून, या चार खुणा नसल्या तरी मज्जेत ६० टक्के वा अधिक अशा पेशी आढळल्यास उपचार सुरू करावेत, असे तज्ज्ञांनी ठरविले आहे.

रोग बहुधा समूळ जात नाही. पण बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड यांसारखी औषधे आणि रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशींचे रोपण यांमुळे अनेक रुग्ण पुष्कळ वर्षे चांगले जगतात. मात्र मूत्रपिंडे निकामी होण्यापूर्वी व मणका खचण्यापूर्वी निदान झाले पाहिजे. पायांतील शक्ती अचानक गेली किंवा लघवी अडली, तर एक दिवसही न थांबता मोठे रुग्णालय गाठावे.

मित्रहो, निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु कागद सांभाळणे आपल्याला येते. घरातील पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची पाठदुखी महिना-दीड महिन्यात हटत नसेल, गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, किंवा किरकोळ धक्क्याने हाड मोडले असेल, तर सर्व गावांचे सर्व अहवाल तारखेनुसार एका फाइलीत लावा आणि ती फाइल एकाच डॉक्टरांपुढे ठेवा.