पेआनो आणि संख्येचा पाया

दोन आणि तीन मिळून पाच होतात, हे पहिल्या इयत्तेतील मूलही सांगते. परंतु ते पाचच का होतात, असे कोणी विचारले तर शिक्षकही क्षणभर थबकतो. हा प्रश्न पोरकट नाही. इटालियन गणितज्ञ जूझेप्पे पेआनो यांनी तो गांभीर्याने घेतला, आणि त्यांच्या उत्तराचा प्रभाव पुढील गणितावर व तर्कशास्त्रावर खोलवर पडला. संख्याज्ञान हे ज्याचे नित्याचे काम, त्या प्राथमिक शिक्षकास या कार्याचा परिचय असणे इष्ट होय.

पेआनो यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५८ रोजी उत्तर इटलीतील कूनेओ शहरानजीकच्या स्पिनेत्ता या खेड्यात, शेतकरी कुटुंबात झाला. आरंभी ते गावच्या शाळेत शिकले; पुढे कूनेओच्या शाळेत पायी जात. त्यांची बुद्धी पाहून तूरिनमधील मामांनी त्यांना शिक्षणासाठी आपल्याकडे नेले. १८८० मध्ये ते तूरिन विद्यापीठाचे पदवीधर झाले व तेथेच त्यांनी जन्मभर अध्यापन केले. २० एप्रिल १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.

१८८९ मध्ये त्यांनी अंकगणिताच्या मूलतत्त्वांवर एक छोटी लॅटिन पुस्तिका प्रसिद्ध केली. जर्मन गणितज्ञ डेडेकिंट यांनी १८८८ मध्ये असाच विचार मांडला होता. पेआनो यांनी तो स्वतंत्र चिन्हलिपीत अत्यंत नेटकेपणाने बांधला. त्यातील संख्यांविषयीची गृहीतके साध्या भाषेत अशी :

१. एक ही संख्या आहे.
२. प्रत्येक संख्येस लगतची पुढील संख्या असते.
३. दोन भिन्न संख्यांची पुढील संख्या एकच नसते.
४. एक ही कोणत्याही संख्येची पुढील संख्या नाही.
५. जो गुणधर्म एकास लागू आहे, आणि एखाद्या संख्येस लागू असल्यास तिच्या पुढील संख्येसही लागू पडतो, तो सर्व संख्यांस लागू होतो.

पाचव्या गृहीतकास गणितीय विगमन म्हणतात. रांगेतील पहिल्या मुलास निरोप मिळाला, आणि ज्यास तो मिळेल त्याने तो मागच्यास सांगितला, तर निरोप साऱ्या रांगेस पोचतो. तसेच हे आहे.

आता बेरीज पाहू. एक मिळविणे म्हणजे पुढील संख्या घेणे. मिळवायची संख्या एकाने वाढली की उत्तरही एक पाऊल पुढे जाते. म्हणून दोन आणि एक तीन. दोन आणि दोन म्हणजे तीनच्या पुढील, चार. दोन आणि तीन म्हणजे चारच्या पुढील, पाच. चिंचोके पुढे सरकवीत मोजणारे मूल नेमके हेच करीत असते.

या कार्याचा प्रभाव दूरवर पोचला. ऑगस्ट १९०० मध्ये पॅरिस येथे तत्त्वज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथील चर्चेत पेआनो यांचे बोलणे इतरांहून अधिक नेमके असल्याचे तरुण बर्ट्रंड रसेल यांच्या ध्यानी आले. त्यांनी पेआनो यांचे ग्रंथ मिळवून अभ्यासले. रसेल व व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ (१९१०–१३) या ग्रंथाची चिन्हपद्धती पेआनो यांच्या पद्धतीवर उभी आहे. एखादी वस्तू संचाचा घटक आहे हे दर्शविणारे आजचे चिन्हही पेआनो यांनीच ग्रीक एप्सिलॉन अक्षरावरून रूढ केले. पुढे १९३१ मध्ये कुर्ट गोडेल यांनी दाखविले की, अंकगणितास पुरेशी असलेली कोणतीही सुसंगत व नियमबद्ध गृहीतकपद्धती घेतली, तरी तिच्यात सिद्धही करता येत नाहीत आणि खंडितही करता येत नाहीत अशी विधाने राहतातच. पायाची ही मर्यादा दिसली, ती पाया इतका स्पष्ट मांडला गेल्यामुळेच.

पेआनो यांच्या चरित्रात शिक्षकांसाठी एक इशाराही आहे. तूरिनच्या लष्करी अकादमीत शिकविताना ते आपल्या चिन्हांवर अधिकाधिक भर देऊ लागले. विद्यार्थ्यांना ते पेलेना, त्यांच्यात असंतोष वाढला, आणि १९०१ मध्ये पेआनो यांना तेथील अध्यापन सोडावे लागले. विद्वत्ता अस्सल होती. परंतु शिष्याची तयारी पाहिली गेली नाही. याच पेआनो यांनी उतारवयात, १९२४ मध्ये, अंकगणितातील खेळ व मनोरंजक उदाहरणे यांचे छोटे पुस्तक लिहिले, हे विसरता कामा नये.

यावरून बोध असा की, तर्काचा पाया शिक्षकाच्या मनात पक्का असावा. मुलाच्या हाती मात्र प्रथम वस्तू द्यावी, मग शब्द आणि शेवटी चिन्ह. ‘दोन आणि सात’ व ‘सात आणि दोन’ यांचे उत्तर एकच, हे मुलास उघड वाटत नाही म्हणून त्यास मंद ठरवू नये. पेआनो यांच्या पद्धतीतही ही गोष्ट गृहीत धरलेली नाही. ती विगमनाने सिद्ध करावी लागते.

केंद्रसभेत चर्चेसाठी :
१. ‘लगतची पुढील संख्या’ ही कल्पना पहिलीत कोणत्या वस्तूंनी व खेळांनी द्याल?
२. वरील रीतीने तीन आणि चार यांची बेरीज पायरीपायरीने मांडा.
३. बेरजेचे चिन्ह केव्हा शिकवावे? कारणे द्या.