रोखा, विस्तव आणि कर्ता

दहशतवादाचे मूळ शोधणे म्हणजे दहशतवाद्याची कड घेणे, असे पुष्कळांस वाटते. श्रावणी सोमवारी ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या यात्रेत हाच विषय निघाला. मुंबईवरील २००८ चा हल्ला आणि पुण्यातील २०१० चा स्फोट यांवरून सुरू झालेले बोलणे आमच्या डोंगरातल्या होनाजी केंगल्यांवर येऊन ठेपले. एक वृद्ध टाळकरी म्हणाले, "कारण कशाला ईचारायचं? कारण सांगितलं की पाप निम्मं होतं." आंबेगावच्या पश्चिम भागातला एक तरुण उसळून म्हणाला, "बाबा, सावकारानं आधी गळा कापला, मग होन्यानं नाक कापलं. त्यात पाप कसलं?"

दोघांचा घोटाळा एकच आहे, आणि तो वेदांताच्या पहिल्या पाठातच सुटतो. घटाला दोन कारणे लागतात. माती हे उपादानकारण, कुंभार हे निमित्तकारण. माती नसेल तर कुंभाराचे चाक रिकामेच फिरेल. पण माती कितीही असो, ती आपण होऊन चाकावर चढत नाही. वृद्धबाबा माती पाहू देईनात, तरुण कुंभाराला लपवू पाहत होता.

आधी माती पाहू. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात येथील कापसाला सोन्याचा भाव आला, कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्याच सुमारास काही तालुक्यांत सरकारने सारा वाढविला. त्यातून १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचा दावा तीन वर्षांत लावणे भाग पडले. हेतू ऋणकोच्या सोयीचा होता म्हणतात! झाले उलटेच. दर तीन वर्षांनी नवा रोखा, आणि मागचे व्याज नव्या मुदलात. कुणब्याला अक्षर येत नसे. रोख्याखाली तो नांगराची निशाणी करी. कोर्टात तो हजर नसे, हुकूमनामा एकतर्फी होई, आणि जमीन जाई. आमच्या मावळपट्टीत महादेव कोळ्यांची गत याहून वेगळी नव्हती.

आता घट पाहा. आंबेगाव तालुक्यातील जांभोरीच्या होनाजींनी १८७३ च्या सुमारास टोळी उभारून सावकारांवर धाडी घातल्या; कित्येकांची नाके कापली. १८७६ त मेजर डॅनियलने त्यांना पकडले. ही नोंद इंग्रजी गॅझेटियरातली, म्हणजे सरकारपक्षाची, असे कोणी म्हणेल. पण सावकार डोंगरी लोकांना फसवितात, छळतात आणि गुन्ह्याला प्रवृत्त करतात, हेही तेच गॅझेटियर लिहिते. एक ओळ घ्यायची आणि दुसरी टाकायची, हे बरे नव्हे.

त्याच काळी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडीत सुपे येथे बाजारच्या दिवशी कुणबी उठले. दंगा पुढे पुष्कळ गावांत पसरला. पण बहुतेक ठिकाणी लोकांनी रोखे मागितले, जाळले आणि ते घरी गेले. आणि हजारो ऋणकोंनी तर कोणाला बोटही लावले नाही. माती एक, घट निराळे. मग कर्ता नाही असे कसे म्हणावे?

आणखी एक बोचरी गोष्ट. सुप्याकडील दंग्यात राग मुख्यतः मारवाडी व गुजर सावकारांवर निघाला. ब्राह्मण सावकार बहुधा वाचले. व्याज तर सगळेच घेत होते. म्हणजे दुःख खरे असले, तरी हात उचलताना माणसाने जात पाहिली.

मुंबईच्या हल्ल्यात १६६ निरपराध माणसे गेली. मारेकऱ्यांतला जिवंत सापडलेला तरुण गरीब घरातला होता. त्या दारिद्र्याची विचारपूस झालीच पाहिजे, कारण पोरे गोळा करणाऱ्यांना कच्चा माल तेथेच मिळतो. परंतु त्याच्या गावची बाकीची गरीब पोरे बोटीत बसली नाहीत, आणि त्याला शिकवून धाडणारे काही उपाशी नव्हते. गाठोडे घेऊन स्टेशनात गाडीची वाट पाहत बसलेल्या लोकांनी कोणाकडून रोखा लिहून घेतला होता?

हे सर्व ओतुरास बोलत होतो, जेथे तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर भावाशी वाटणी करून आपल्या वाट्याचे रोखे त्यांनी इंद्रायणीत सोडले, असे चरित्रकार सांगतात. घेणेकऱ्याने आपण होऊन बुडविलेले ते रोखे! इंग्रज सरकारच्या हाती कायदा होता, पण त्याला १८७९ साल उजाडावे लागले. तेव्हा कोठे न्यायाधीशाला रोख्यामागचा खरा व्यवहार तपासता येऊ लागला आणि हप्ते बांधून मिळू लागले.

"म्हंजे जाळल्यावरच कायदा झाला की!" तरुण म्हणाला.

ते नाकारता येत नाही. दंग्यानंतरच चौकशी नेमली गेली. अर्ज वेळेवर ऐकला नाही, हा दोष सरकारचा. त्याने सुरीला पुण्य चढत नाही, असे मी म्हणालो. त्याचे समाधान झालेले दिसले नाही.

तेव्हा वृद्धबाबाच हळू आवाजात बोलले, "बरं, मातीचं मला पटलं. पर लेका, ज्याचं नाक गेलं त्याला त्या कायद्यानं काय दिलं?"

तरुण खाली पाहत राहिला. आत हरिपाठ सुरू झाला होता. बाबांनी टाळ त्याच्या हाती दिले आणि आम्ही उठलो.