चित्रं आधी, मजकूर मागाहून

भाचीला पुस्तकं वाचून दाखवता दाखवता चित्रकाराचं काम कसं पाहावं, याबद्दल माझी काही मतं पक्की झाली. त्यातली बरीचशी मॉरिस सेंडाक या अमेरिकी चित्रकाराच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३) या पुस्तकाने दिली.

१. पहिल्या खेपेला मजकूर वाचूच नये. सेंडाकच्या पुस्तकात जिन्याजवळच्या भिंतीवर मॅक्स या छोट्या नायकाने स्वतः काढलेलं एका राक्षसाचं चित्र लावलेलं आहे. मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. पुढे मॅक्सला भेटणारे अक्राळविक्राळ प्राणी आले कुठून, याचं उत्तर मात्र तिथेच आहे. भाचीने त्यावर लगेच बोट ठेवलं.

२. चित्राभोवतीची कोरी जागाही पाहावी. सुरुवातीची चित्रं छोटी, चहूबाजूंनी पांढरा समास. मॅक्सच्या खोलीत जंगल उगवायला लागतं तसं चित्र पसरतं, समास खाऊन टाकतं आणि शेजारच्या पानात घुसतं. धुमाकूळ ऐन रंगात येतो तेव्हा सलग तीन जोडपानांवर एकही अक्षर नाही! मॅक्स घरी परततो, आणि शेवटच्या पानावर तर चित्रच नाही, फक्त मोजके शब्द. तिथे काहीतरी गोंडस काढायचा मोह आवरणं मला राक्षस रंगवण्यापेक्षा अवघड वाटतं.

३. मुलं घाबरतील म्हणून असं पुस्तक कपाटात दडवू नये. त्यातले राक्षस मुळात घरच्याच माणसांवरून आले आहेत. सेंडाकला आधी घोडे काढायचे होते, पण घोडे काही जमेनात. मग लहानपणी ब्रुकलिनच्या घरी येऊन गालगुच्चे घेणारे नातेवाईक त्याला आठवले आणि राक्षसांना चेहरे मिळाले. (असले काका-मामा आपल्याकडे काय कमी आहेत?)

४. शब्द एक सांगत असतील आणि चित्र दुसरंच, तर चित्राची बाजू घ्यावी. पॅट हचिन्स यांच्या 'रोझीज वॉक'मध्ये कोंबडी फिरायला निघते, एवढंच शब्द सांगतात. मागे लागलेला कोल्हा फक्त चित्रात. आपण शांतपणे वाचत राहायचं, ओरडायचं काम मुलं करतात.

५. चित्रकाराचं नाव शोधावं. माधुरी पुरंदरे लिहितात आणि चित्रंही काढतात, तिथे प्रश्नच मिटला. पण आपल्याकडच्या कित्येक पुस्तकांत ते आतल्या पानावर बारीक टायपात सापडतं. मी वाचायला बसले की आधी चित्रकाराचं नाव मोठ्याने घेते, मग लेखकाचं. लेखक मंडळींनी अजून तक्रार केलेली नाही.