विमानतळावर गरम पाण्याचे कुंड!

टोकिओच्या हानेदा विमानतळाला जोडलेल्या एका हॉटेलात प्रवाशांना भूगर्भातील पाण्याने स्नान करता येते. अशा झऱ्याला जपानीत 'ओन्सेन' म्हणतात. पण जवळ ज्वालामुखी नसताना ही उष्णता येते कोठून?

जमिनीत दर 100 मीटर खोलीला तापमान सरासरी 3 अंश सेल्सिअसने वाढते. पृष्ठभागाजवळ 16 अंश धरले, तर 1000 मीटरवर 16 + 30 = 46 अंश! जपानच्या 1948 च्या कायद्यानुसार उगमाशी 25 अंश उष्ण असलेले पाणी ओन्सेन ठरते. थंड पाण्यात ठरावीक द्रव्ये पुरेशी असली तरी चालते.

उपसा मात्र बेतानेच हवा. विसाव्या शतकात भूजलाच्या अतिउपशाने टोकिओचा काही भाग 4 मीटरांहून अधिक खचला.

आता सांगा पाहू, 25 अंशांसाठी किती खोल जावे लागेल?