उन्हाळ्यात फुलणारे अंगण

होळी जवळ आली की पळस फुलतो. झाडावर पान नाही, पण झाड सारे शेंदरी. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू. आम्हां मलकापूरच्या लोकांना मात्र हा वसंत उन्हाचाच वाटतो. ऊन चाळीस अंशांच्या वर चढते. नळगंगेच्या काठची काळी जमीन भेगाळते.

अशा दिवसांत अंगणात रंग कुठून आणावा? तुम्ही म्हणाल, “गुरुजी, प्यायला पाणी पुरत नाही, अन् फुलझाडांना कोण घालील?” तुमचे म्हणणे खरे आहे. म्हणून पहिला नियम ऐका. फुलझाडाला पिण्याचे पाणी घालायचे नाही. न्हाणीचे सांडपाणी घालायचे. तेवढ्यात जगतील तीच झुडपे लावायची.

सांडपाणी गल्लीत सोडले तर चिखल होतो, डास होतात. तेच पाणी आळ्यात मुरवले तर फुले येतात. मात्र कपड्यांच्या सोड्याचे पहिले पाणी झाडाला घालू नये. आपल्या काळ्या जमिनीत आधीच खार असतो. सोड्याने तो वाढतो. कपडे खळबळल्याचे पाणी चालते.

आता झुडपे कोणती, ते पाहू.

मोगरा. याची फुले नव्या फुटीवर येतात. म्हणून पौषात थोडे दिवस पाणी तोडावे. मग झुडूप जमिनीपासून दीड फूट ठेवून छाटावे. बुडाशी कुजलेले शेणखत घालावे आणि पाणी सुरू करावे. चैत्रात कळ्या धरतात. न छाटलेला मोगरा नुसता पानांनीच भरतो.

जास्वंद. हिचे फूल एक दिवस टिकते, पण रोज नवे येते. हिला पाणी जरा जास्त लागते. तहानली की कळ्या गळतात. म्हणून ही न्हाणीजवळ लावावी.

बोगनवेल. हिला कोणी कागदी फूल म्हणतात. ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. एका फ्रेंच जहाजावरच्या वनस्पती जाणणाऱ्या माणसाने १७६७ साली ती ब्राझील देशात पाहिली. त्या सफरीच्या प्रमुखाचे नाव बोगनव्हिल. त्यावरून वेलीचे नाव पडले. गंमत अशी की, जो गुलाबी रंग दिसतो ते फूल नव्हेच, ती रंगीत पाने आहेत. खरे फूल आत असते, लहान आणि पांढरट. मुळे धरल्यावर हिला पाणी कमीच द्यावे. पाणी फार झाले तर पाला वाढतो अन् रंग कमी होतो. हिला काटे असतात, म्हणून कुंपणालाही ती बरी.

कण्हेर. उन्हाला हिच्याइतके चिवट झुडूप थोडे. गुरे हिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून मोठ्या रस्त्यांच्या मधोमध ही लावतात. पण बरं का, कण्हेर विषारी आहे! पान, फूल, मूळ, बी, सारेच विषारी. ते विष काळजावर घाव घालते. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तीही तशीच. तिच्या बिया मुले खेळायला घेतात, त्या घेऊ देऊ नयेत. छाटलेली फांदी चाऱ्यात जाऊ देऊ नये. वाळली तरी तिचे विष जात नाही. लाकूड चुलीत घालू नये. कोणाच्या पोटात गेलीच तर घरगुती उपाय करत बसू नये. तडक दवाखाना गाठावा. पान किंवा बी सोबत न्यावे. घरात लहान लेकरू असेल तर कण्हेर लावूच नये. आधीच असेल तर पत्र्याच्या तुकड्यावर ठळक अक्षरांत ‘विषारी’ लिहून झाडाला टांगा. तुम्ही शिकलेली अक्षरे कोणाचा तरी जीव वाचवतील.

लावणी. ज्येष्ठात दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्या. तळाशी विटांचे तुकडे टाका. माती, वाळू व शेणखत मिसळून खड्डा भरा. माती जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवा. काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरते, अन् साचलेल्या पाण्याने मूळ कुजते. पाऊस लागला की रोप लावा. बोगनवेल व कण्हेर फांदीवरूनही येतात. भोवती पऱ्हाट्यांचे कुंपण करा, नाही तर शेळी आपल्या आधी बाग पाहील!

उन्हाळ्यात आळ्यात कुटार किंवा पालापाचोळा पसरा. ओल टिकते. पाणी संध्याकाळी घाला.

एवढे ध्यानात ठेवा. रंग चैत्रात दिसतो, पण त्याची मेहनत ज्येष्ठात अन् पौषात करावी लागते. आपल्या वहीत या तीन महिन्यांची नावे लिहा. प्रत्येकापुढे त्या महिन्याचे काम लिहा. वही भिंतीला टांगून ठेवा.

विचार करा व लिहा

१. मोगरा पौषात का छाटावा?
२. तुमच्या घरचे सांडपाणी कोठे जाते? ते कोणत्या झाडाला नेता येईल?
३. तुमच्या गल्लीत कण्हेर किंवा बिट्टी कोठे आहे? तेथील मुलांना तुम्ही काय सांगाल?