चेक सेल्सचा एक थेंब

रात्रपाळीला रक्तपेढीत मी एकटाच होतो. खिडकीबाहेर पेशंटचा भाऊ उभा. "साहेब, अजून किती वेळ?" असं त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कूम्ब्ज क्रॉसमॅच शेवटच्या टप्प्यावर आला होता. नळी हलवून पाहिली. पेशींचे पुंजके दिसले नाहीत. चेक सेल्सची बाटली हाताशीच होती, पण ती न उघडता मी रजिस्टरवर 'कम्पॅटिबल' लिहिलं आणि पिशवी देऊन टाकली.

बाईंची तीन बाळंतपणं झालेली, पूर्वी एकदा रक्तही चढवलेलं. अर्धी पिशवी जाते न जाते तोच त्यांना हुडहुडी भरली, ताप चढला. सिस्टरनी लगेच रक्त थांबवलं म्हणून निभावलं. तरी दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसू लागलेच.

सकाळी मॅडमनी तेच नमुने पुन्हा लावले. पुंजके स्पष्ट आले. पॅनेलवर अँटी-ई ही अँटीबॉडी निघाली. मॅडमनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "वॉश किती दिलेस?" तीनऐवजी दोनच दिले होते, तेही घाईत.

ही चाचणी कूम्ब्ज, मूरंट आणि रेस यांनी 1945 मध्ये मांडली. काही अँटीबॉडी लाल पेशींना नुसत्या चिकटून बसतात, त्यांचे पुंजके करू शकत नाहीत. कूम्ब्ज सीरम अशा पेशींना एकमेकींशी जोडतं, तेव्हा पुंजके डोळ्यांना दिसतात. पण धुण्यात कसर राहून नळीत पेशंटचं सीरम उरलं, तर त्यातलं मोकळं ग्लोब्युलिनच कूम्ब्ज सीरम संपवून टाकतं. पेशींवर अँटीबॉडी असूनही नळी कोरी दिसते.

चेक सेल्स असतात त्या याचसाठी. त्यांच्यावर अँटीबॉडी आधीच चढवलेली असते. निगेटिव्ह नळीत त्यांचा एक थेंब घालून फिरवलं की पुंजके दिसलेच पाहिजेत. नाही दिसले, तर कूम्ब्ज सीरम कामच करत नव्हतं असं समजा आणि चाचणी पहिल्यापासून लावा.

नव्या मुलांना म्हणून सांगतो: सलाईन जोरात सोडा, प्रत्येक वॉशनंतर नळी पूर्ण निथळू द्या. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल किंवा गरोदरपण असेल, तर नमुना तीन दिवसांच्या आतलाच घ्या. नातेवाइकांनीही मागची बाळंतपणं, गर्भपात, चढवलेलं रक्त हे सगळं न विचारता सांगावं. अँटीबॉडीचं कार्ड मिळालं असेल तर ते कायम जवळ ठेवावं. काही अँटीबॉडी कालांतराने इतक्या कमी होतात की पुढच्या तपासणीत सापडतही नाहीत, आणि त्यांना न जुळणारं रक्त पुन्हा चढलं की उसळून येतात.

बाई बऱ्या झाल्या. पुढे त्यांच्यासाठी ई-निगेटिव्ह पिशवी मीच शोधून दिली. आजही खिडकीतून कुणी "किती वेळ?" विचारलं, की मी म्हणतो, "चेक सेल्स घातल्यात, एक मिनिट." त्या रात्री मी एवढंच वाचवलं होतं.